गल्लीतली राहिलेली घंटी

२८ मार्च

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, म्हणून मुद्दाम सुरुवातीलाच म्हटलं. फोन केला असता, पण आपला फोन दुकानाच्या भिंतीवर, भिंतीखाली बाकडं आणि बाकड्यावर सगळं गाव. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी पंक्चर काढायला आलेली माणसंसुद्धा श्वास रोखून बसतात. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की आपले नगराध्यक्ष परदेशी चाललेत. त्याला आम्ही हल्ली फीतकापे म्हणतो, कारण दुरुस्त झालेल्या नळाचीसुद्धा तो फीत कापतो. रस्ते कसे असतात ते बघायला जातोय म्हणे, तेही दोन महिने. आपल्या गल्लीतला रस्ता बघायला त्याला आजवर दोन मिनिटं मिळाली नाहीत. शिंपीकाकांकडून नवा सूट शिवून घेतलाय, त्यावर दोन पँटी. औषधवाला सांगतो की विमानात मळमळू नये म्हणून गोळ्या नेल्यात. आणि भोंगा, म्हणजे विरोधी पक्षाचा तो, ज्याला हळू बोलणं जमतच नाही, त्याने बाकड्यावर बसून जाहीर केलं की रस्ते हे निमित्त आहे, तिकडचे समुद्रकिनारे फार छान असतात.

हसले खरी, पण मनापासून हसू आलं नाही. पालिकेची नोटीस आली आहे. गल्ली मोटारींसाठी रुंद करायची ठरतेय, आणि त्यात आपलं दुकान जातंय. थोडंथोडकं नाही, अख्खं. फीतकापे परत आला की जूनच्या सभेत मतदान. निम्मे सभासद इकडे, निम्मे तिकडे, म्हणजे सगळं त्याच्या मतावर. तुझ्या दादाने नोटीस घडी करून खिशात घातली. दिवसभर दारावरची घंटी घासत बसला.

या दुकानात सायकल शिकलेलं माणूस पहिल्यांदा एकटं दारावरून गेलं की घंटी वाजवणार, आणि आपण दारावरची घंटी वाजवून त्याला उत्तर देणार. हे पालिकेला कसं कळावं? मामंजी शेवटपर्यंत म्हणायचे, या गल्लीतली एक घंटी यायची राहिली आहे, ती आल्याशिवाय दुकान हलवू नका. कुणाची ते काही बोलले नाहीत.

पेपरात आलंय की तो तुझ्याच हॉटेलात उतरणार. तू लाँड्रीत. माणसाचे कपडे जेवढं बोलतात तेवढं माणूस बोलत नाही, तेव्हा डोळे उघडे ठेव. आणि तिकडे अजून थंडी असेल, मफलर घालत जा. लाल लोकर संपली म्हणून एक टोक पिवळं झालंय. कुणी विचारलं तर फॅशन आहे म्हणून सांग.

तुझी वहिनी

---

९ एप्रिल

वहिनी,

मिरच्या झोंबल्याची ही पोच.

नोटिशीचं वाचून मी इस्त्रीच्या टेबलाशी बसून रडले. एका पाहुण्याचा सदरा त्यात भिजला, पुन्हा धुवावा लागला. अण्णांचं दुकान नसलेली ती गल्ली मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. दादाला सांग, घंटी इतकी घासू नकोस, झिजेल.

तुझा फीतकापे आला. स्वागताला दोघे जण गुच्छ घेऊन उभे होते. गुच्छाला बांधलेली फीत बघून त्याचा हात खिशाकडे गेला, मी डोळ्यांनी बघितलं. कात्रीच शोधत होता.

आता ऐक. पहिले काही दिवस त्याचे कपडे अगदी सज्जनासारखे खाली येत होते. मग एक दिवस शिंपीकाकांची पँट आली ती दोन्ही गुडघे चिखलाने माखलेले, डावा फाटलेला. दुसऱ्या दिवशी दुसरी पँट, तीच दशा. सदऱ्याच्या कोपरांना गवताचा हिरवा डाग. आणि हे सगळं सकाळच्या चहाच्या आत. हा माणूस उजाडता उजाडता कुठे लोळून येतो? लाँड्रीत यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो दारू, दुसरा म्हणतो कुत्रं मागे लागतं.

हे फक्त तुला सांगतेय. बाकड्याला नको.

तुझी नणंद

---

१८ एप्रिल

प्रिय वन्सं,

बाकड्याला मी काहीच सांगितलं नाही. फक्त शिंपीकाकूंना सांगितलं. ज्याने पँट शिवली त्याच्या घरी पँटीचे हाल कळायला नकोत का? पुढचं त्यांनी बघितलं. माझा त्यात हात नाही.

काय मजा चाललीय म्हणून सांगू. औषधवाल्याच्या मते तो तिकडे कुस्ती शिकतोय, पुढच्या सभेत भोंग्याला चीत करायला. टपालवाल्या बाई म्हणतात, परदेशी लोकांसमोर गुडघे टेकून कर्ज मागत असेल. शिंपीकाका तेवढे खरंच दुःखी आहेत. डावा गुडघा कसा फाटला, शिवणीवर की कापडात, एवढं विचारून कळव म्हणतात. शिवणीवर असेल तर ते कोणाला तोंड दाखवणार नाहीत.

आणि भोंग्याला तर घबाडच मिळालं. काल चौकात उभा राहून म्हणाला, गावाची अब्रू परदेशाच्या चिखलात लोळतेय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हाताला ग्रीस होतं तरी. जो आपलं दुकान पाडायला निघालाय त्याची जरा फजिती झाली तर बिघडलं कुठे? तुझा दादा मात्र आत निघून गेला. त्याला ना गंमत कळत ना राजकारण.

आणखी काय आलं खाली? एखादा हातरुमाल? लिपस्टिकबिपस्टिक?

तुझी वहिनी

---

२८ एप्रिल

वहिनी,

मी लिहिलेलं सगळं विसर. चिखल होता तो बागेतला, साधा चिखल. ते सकाळी फिरायला जातात, पाय घसरला असेल. माणूस वाईट नाही. कृपा करून गावात आणखी काही बोलू नकोस.

काकांना सांग, कापडात फाटली, शिवण शाबूत आहे.

दादाला एक विचारायचं होतं. अण्णा सायकल शिकवताना मागून सीट धरून पळायचे, ते हात नेमका कधी सोडायचे? मला माझं शिकणं आठवतं, पण हात सुटल्याचं काही केल्या आठवत नाही. लवकर कळव.

घाईत आहे.

तुझी नणंद

---

७ मे

प्रिय वन्सं,

म्हणजे कोणीतरी आहे. लपवू नकोस, मी काही काल जन्मले नाही. चार ओळींचं पत्र, त्यात घाई, आणि त्यात कुणालातरी सायकल शिकवायचीय. कोण आहे तो? उंच आहे का? लाँड्रीतलाच की बाहेरचा? सायकल येत नाही ही जरा पंचाईत आहे, पण मन चांगलं असेल तर तेवढं मी चालवून घेईन.

शिकवण्याचं मला काय विचारतेस, तुझ्या दादाला विचारलं. त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, 'अण्णा हात सोडायचे, पण पळणं थांबवायचे नाहीत आणि बोलणंही थांबवायचे नाहीत. म्हणून तिला आठवत नाही.' नोटीस आल्यापासून तो एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलला.

आता खरी बातमी ऐक. खुर्ची घट्ट धर. आपल्या डॉक्टरांची मुलगी तिकडे शिकते ना, तिने तिथल्या बागेचा फोटो काढून घरी पाठवला, आणि त्यात कोण निघावं, तर फीतकापे. झुडपांच्या मागे कमरेपर्यंत दिसतोय, पुढे झुकलेला, तोंड उघडं. आणि त्याच्या अगदी मागे एक बाई. तिचा हात याच्या पाठीशी. सकाळच्या पारी. भोंग्याने तो फोटो पेपरात छापून आणला. गावात दुसरा विषयच नाही. सभेच्या आधी त्याला खुर्चीवरून खाली खेचायचं म्हणून सह्या गोळा होतायत.

ती भवानी पाठमोरी आहे, चेहरा दिसत नाही. गळ्यात लांबलचक मफलर, एक टोक फिक्या रंगाचं. जिने कुणी विणलाय तिला विणकाम शिकवायला हवं, टाके किती सैल. मी बाकड्यावर तसं बोलूनही दाखवलं. सगळे हसले.

तुझ्या त्याचा फोटो पाठव.

तुझी वहिनी

---

९ मे

अगं ए,

काल पत्र टपालात पडलं आणि आज हे दुसरं लिहितेय. अक्षर समजून घे.

दुपारी तुझा दादा जेवायला बसला होता. पेपर पाण्याच्या तांब्याखाली होता. त्याने तो ओढला, फोटो बघितला, घास खाल्ला आणि म्हणाला, 'हा मफलर तू विणलेला आहेस.'

मी वाकून फोटो पुन्हा बघितला. लाल रंग पेपरात काळा दिसतो आणि पिवळा पांढरा, हे मला कळायला नको होतं? माझेच सैल टाके मला ओळखता आले नाहीत. मी गावभर ज्या बाईचा उद्धार करत हिंडले ती तू. मी त्याच्या ताटासमोर बसले. नको नको ते मनात आलं, ते लिहीत नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि असा हसला की ठसका लागला. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाला, 'झुडपाच्या फटीतून तिचे पाय बघ. पळतेय ती. आणि हात पाठीला नाही, खाली सीटला आहे.' पुन्हा पेपर तांब्याखाली ठेवला आणि म्हणाला, 'वाढ.'

त्याला सायकल येत नाही. नगराध्यक्षाला सायकल येत नाही, आणि तू शिकवतेयस. तरीच चिखल. तरीच मागच्या पत्रात तो 'तो' चा 'ते' झाला होता.

मला इतकं हसू आलं आणि मग इतकी लाज वाटली. आता बोलायचं काय? खरं सांगावं तर त्याची फजिती. तू माझ्यापासूनसुद्धा लपवलंस, म्हणजे नक्की शब्द दिला असशील. न सांगावं तर तुझी बदनामी. तशीच उठले, हात पुसले आणि बाकड्यासमोर जाऊन उभी राहिले. भोंगा होता, शिंपीकाका होते, सगळे होते. म्हटलं, 'फोटोतली बाई माझी नणंद आहे. मफलर मी विणलाय. टाके सैल आहेत हे मी म्हणेन, दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. ती तिथे काय करत होती ते तिला आणि मला माहीत आहे. यापुढे तिच्याबद्दल जो वाकडं बोलेल त्याने पंक्चर शेजारच्या गावात जाऊन काढावं.'

एवढी शांतता त्या बाकड्याने कधी ऐकली नसेल. भोंगासुद्धा कुजबुजत निघून गेला.

माझं चुकलं गं. जिभेला हाड नाही माझ्या. पण फार दिवस गप्प राहू नकोस, आता सगळं लिही.

तुझी वहिनी

---

२६ मे

लाडक्या वहिनी,

उत्तराला उशीर केला तो जाणूनबुजून. एक गोष्ट पार पडायची होती, ती काल पडली.

माझा राग आलाय का, असं विचारत असशील तर नाही. दादाच्या 'वाढ'वर मी इतकी हसले की लाँड्रीतल्या सगळ्यांना समजावून सांगावं लागलं, आणि त्यांना अर्धंच कळलं. तू बाकड्यासमोर उभी राहिलीस ते मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आता सगळं पहिल्यापासून. चिखलाच्या पँटी आल्या तेव्हा मलाही काही कळलं नव्हतं. मग एक पँट आली तिच्या उजव्या पायाला आतल्या बाजूने काळा डाग. चेनचं ग्रीस. तो डाग आपण जन्मभर घासलाय, मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या बागेत जाऊन बघते तर आपले नगराध्यक्ष झुडपाआड हॉटेलच्या सायकलशी झटापट करतायत. मी आपल्या भाषेत म्हटलं, 'नजर चाकावर नको, समोर ठेवा.' ते दचकून पडले, आणि मातीत बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, 'तू सायकलवाल्या अण्णांची मुलगी का?' आवाजावरून ओळखलं. अण्णाही तेच वाक्य तसंच म्हणायचे.

गोष्ट अशी झाली की दौऱ्याच्या शेवटी सगळ्या पाहुण्यांनी मिळून शहरभर सायकलफेरी काढायची असं इथल्या लोकांनी ठरवलं होतं. 'तुम्हाला येते ना?' असं विचारलं तेव्हा हे म्हणाले, 'म्हणजे काय, लहानपणापासून.' एकदा म्हणून बसल्यावर मागे कसं फिरणार.

वहिनी, ते आपल्या गल्लीतले आहेत. लहानपणी अण्णांकडेच शिकायला आले होते. पहिल्याच दिवशी तोल गेला आणि दुकानासमोर ट्यूब तपासायचं पाण्याचं घमेलं असतं ना, त्यात बुडासकट बसले. गल्लीतली सगळी पोरं हसली. ते उठून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. पुढे त्यांचं घर बदललं. अण्णा वाटेत भेटले की म्हणायचे, 'तुझी घंटी राहिलीय रे.' राहिलेली घंटी त्यांची होती.

शब्द दिला होता म्हणून तुला लिहिलं नाही. तुझ्यापासून काही लपवणं म्हणजे आलेला खोकला दाबून धरणं. रस्त्याचा विषय मी एकदाही काढला नाही. अण्णांचा नियम होता, सीट आपल्या हातात असताना माणसाकडे काही मागायचं नाही. एकदा त्यांनीच विचारलं, 'दुकान अजून तिथेच आहे ना?' मी पळता पळता म्हटलं, 'जूनपर्यंत आहे.' ते पुढच्याच वळणावर पडले.

तुझं पत्र आल्यावर फोटोचंही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. म्हणाले, 'मी गेलो की बघतो.'

दादाने सांगितलं तसंच केलं. हात सोडला आणि बोलत, पळत राहिले. बागेच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं तर मी कुठल्या कुठे मागे. आणि काल ते पूर्ण फेरी फिरून आले, सगळ्यात शेवटी, पण न पडता. इथल्या लोकांनी ती निळी सायकल त्यांना भेट दिली. ब्रेक लावणं अजून जमत नाही, तेवढं सांभाळा.

तुझी नणंद

---

१४ जून

प्रिय वन्सं,

आधी निकाल सांगते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. दुकान राहिलं.

आता नीट ऐक. नगराध्यक्ष आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी एकट्याच दुकानात आल्या. मी पंप हातात घेऊन उभी. त्या म्हणाल्या, 'तुमच्या नणंदेचे आभार मानायला आलेय. लग्नाआधी मला म्हणाले होते, सायकलवरून फिरायला नेईन. येत नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. वाट बघत होते, कधी सांगतात त्याची.' मग बाकड्यावर बसून माझ्याबरोबर चहा प्यायल्या. बाकडं त्या दिवशी ओस पडलं होतं. सगळे समोरच्या दुकानातून बघत होते.

रविवारी सकाळी मात्र बाकडं भरलेलं. शिंपीकाका, औषधवाला, टपालवाल्या बाई, आणि सह्यांचा कागद घेऊन भोंगा. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ते आले. गाडी नाही, मागेपुढे माणसं नाहीत. निळ्या सायकलवर, अंगात शिंपीकाकांचा सूट, गुडघ्याला ठिगळ. हँडल असं लटपटत होतं की बघणाऱ्याला घाम फुटावा.

तुझा दादा उठून दारात गेला आणि त्याने घंटीची दोरी हातात धरली. मामंजी गेल्यापासून नवं कुणी शिकलं नाही, त्यामुळे त्याने ती ओढलीच नव्हती. ते समोरून गेले. दोन्ही मुठी इतक्या आवळलेल्या की अंगठा घंटीपर्यंत पोचेना. घंटी काही वाजली नाही. दादा म्हणाला, 'येईल.' ते टोकाला जाऊन उतरले, सायकल हाताने वळवली, पुन्हा चढायला दोनदा चुकले, आणि परत आले. दुकानासमोर आल्यावर मी बघितलं, अंगठा हळूहळू सरकत होता. मग वाजली. अगदी बारीक, पण वाजली.

दादाने दोरी ओढली. वन्सं, किती दिवसांनी तो आवाज ऐकला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. दादा ओढतच राहिला, आणि त्याचे डोळे वाहत होते ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

इकडे ब्रेकचं तू लिहिलं होतंस तेच झालं. सायकल सरळ बाकड्यावर आली. सगळे पळाले, फक्त भोंगा उठला आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याने पुढे होऊन हँडल धरलं. ते वाचले. भोंगा मागच्या मागे गेला आणि घमेल्यात बुडासकट बसला, सह्यांच्या कागदासह.

गल्ली हसली, पण त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. भोंग्याला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, 'याला हसू नका. इथेच मी पडलो होतो, तेव्हा हसलात म्हणून मला सायकल यायला पन्नाशी उजाडली.' मग बागेतलं सगळं सांगितलं, पडण्याचं, तुझ्या पळण्याचं, तुझं नाव आदराने घेऊन. शिंपीकाकांनी तेवढ्यात खाली वाकून ठिगळ तपासलं. टपालवाल्या बाई रडत होत्या. भोंगा पाणी निथळत म्हणाला, 'हे आधी सांगायचं ना.' हळू आवाजात म्हणाला, मी ऐकलं.

बुधवारी सभा झाली. ते म्हणाले की बघून आलो ते रस्ते रुंद नव्हते, फक्त सायकलवाल्याला तिथे भीती वाटत नव्हती. मोटारी बाहेरच्या रस्त्याने जातील, गल्ली सायकलींची राहील. भोंग्यानेही हात वर केला. फीत लावायची का, असं विचारलं तर नको म्हणाले.

आता एक शेवटचं. हे मी तुझ्या दादालासुद्धा सांगितलेलं नाही.

मामंजी ती राहिलेली घंटी म्हणायचे ना, तेव्हा माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं ते मलाच म्हणतायत. मी या घरात आले तेव्हा सगळे धरूनच चालले की सायकलवाल्याच्या बायकोला सायकल येतच असणार. पंक्चर काढायला शिकले, चाक सरळ करायला शिकले, आणि भाड्याची सायकल द्यायला जायचं झालं की गल्लीच्या वळणापर्यंत हातात धरून चालत गेले, पुढेही चालतच. कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त त्यांच्या आलं असावं. तुझ्या पत्रात वाचलं की ती घंटी दुसऱ्याची होती, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं. पण रविवारी तो आवाज ऐकला आणि कळलं. मामंजी एक म्हणायचे, होत्या मात्र दोन.

तर रजा टाक आणि ये. सकाळी लवकर, बाकडं भरायच्या आत शिकव. दादाला दारात उभं करू. मागून सीट मात्र तूच धरायची, आणि हात सोडलास तरी बोलत राहा.

तुझी वहिनी